काळीतली पांढरी : आकाशातून जमीन वाचताना



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते भूगोल शिकवत. वर्गात नकाशा टांगण्याआधी ते मुलांना शाळेमागच्या टेकडीवर नेत आणि खाली पसरलेले आपलेच गाव त्यांना दाखवत. त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात की, रोज ज्या वाटेने शाळेत यायचो ती वाट ओढ्याला वळसा का घालते, हे त्या टेकडीवरून पहिल्यांदा कळले. आजचा माझा विषय त्या टेकडीचाच पुढचा टप्पा आहे. विमानातून घेतलेली छायाचित्रे पुरातत्त्वाच्या कामी कशी येतात आणि ती वाचायला माणूस कसा शिकतो, याबद्दल मला बोलायचे आहे.

या विद्येची गोष्ट इंग्लंडची आहे, पण तिचा आरंभ मुंबईत आहे. 28 ऑक्टोबर 1886 रोजी ब्रीच कँडी भागात एक मुलगा जन्मला. त्याचे वडील ठाण्याला न्यायाधीश होते. आई बाळंतपणानंतर काही दिवसांतच वारली आणि तीन महिन्यांच्या त्या पोराला बोटीने इंग्लंडला आत्यांकडे धाडण्यात आले. तोच पुढे ओ. जी. एस. क्रॉफर्ड या नावाने प्रसिद्ध झाला. हवाई पुरातत्त्वाचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव पहिले घ्यावे लागते.

क्रॉफर्ड आधी भूगोलाचा विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्यासाठी नकाशे केले, नंतर विमानातला निरीक्षक म्हणून काम केले आणि 1918 साली विमान पडून तो जर्मनांच्या कैदेत गेला. युद्धात त्याची नजर तयार झाली. खाली दिसणारी रेघ हा खंदक आहे की पायवाट, हा डाग तोफेचा आहे की सावलीचा, हे अचूक ओळखण्यावर माणसांचे प्राण अवलंबून असत. 1920 साली ब्रिटिश सरकारच्या नकाशा खात्याने, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेने, त्याला आपला पहिला पुरातत्त्व अधिकारी नेमले. काम साधे होते. नकाशावर जुनी स्थळे नेमकी कुठे दाखवायची ते पायी हिंडून ठरवायचे.

दक्षिण इंग्लंडच्या चुनखडकाच्या टेकड्यांवर जुन्या शेतांचे बांध आहेत. उतारावर पिढ्यान् पिढ्या नांगर चालला की माती हळूहळू खाली सरकते आणि शेताच्या खालच्या कडेला साठून तिचा बांध होतो. असे असंख्य बांध क्रॉफर्डने पायांनी मोजले होते. पण एक बांध सापडला की दुसरा हरवायचा, आणि सगळ्यांचा मिळून आराखडा काही हाती लागत नसे. 1922 साली एअर कमोडोर क्लार्क-हॉल यांनी हॅम्पशायरवर घेतलेली काही हवाई छायाचित्रे त्याच्यापुढे ठेवली. त्यांत ती सगळी शेते चौकटीचौकटींनी एकमेकांना जोडून उभी होती. रोमन लोक येण्याच्याही आधीपासून कसलेली ती शेते होती. अनेक वर्षांच्या पायपिटीत जे जुळले नव्हते ते त्या कागदावर एका नजरेत जुळले.

हा अनुभव सांगताना क्रॉफर्ड गालिच्यावरून चालणाऱ्या मांजराचा दाखला देत असे. मांजराला पायाखालचे रंग दिसतात, नक्षी दिसत नाही. गालिचा तोच आणि रंगही तेच. नक्षी कळायला डोळा वर न्यावा लागतो.

पुढच्याच वर्षी कसोटीचा क्षण आला. स्टोनहेंजच्या शिलावर्तुळापासून निघणारा एक प्राचीन मार्ग आहे. दोन्ही बाजूंना चर आणि मधून वाट, असे त्याचे रूप. अठराव्या शतकात विल्यम स्टकली या अभ्यासकाने त्याचा माग काढला होता. पुढे नांगराखाली त्याचा बराचसा भाग पुसला गेला आणि तो नक्की कुठे वळत होता हे विसरले गेले. 1921 साली हवाईदलाने घेतलेल्या छायाचित्रांत क्रॉफर्डला दोन फिकट समांतर रेघा एव्हन नदीकडे वळताना दिसल्या. त्याने रेघा पाहून निष्कर्ष जाहीर केला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. 1923 च्या सप्टेंबरात तो ए. डी. पासमोर या सहकाऱ्याला घेऊन शेतात उतरला आणि आडवे चर खणले. जिथे रेघ होती तिथे बुजलेला चर सापडला.

या प्रसंगातली तिसरी पायरी फार महत्त्वाची आहे. आधी छायाचित्र, मग अर्थ, मग जमिनीवर जाऊन खातरजमा. तिसरी पायरी गाळली तर पहिल्या दोन्ही वाया जातात.

आता प्रश्न असा की, जे पुसले गेले ते वरून दिसते कसे? याचे उत्तर विमानात नाही, ते मातीत आणि पिकाच्या मुळांत आहे.

समजा, तीन हजार वर्षांपूर्वी कुणी खडकाळ जमिनीत खोल चर खणला. वापर संपल्यावर तो हळूहळू गाळाने, पालापाचोळ्याने भरला. वरून नांगर फिरला आणि जमीन सपाट झाली. पण आत त्या चराच्या जागी भुसभुशीत, कसदार मातीचा पट्टा राहिला. तो भोवतालच्या खडकापेक्षा जास्त ओल धरतो. वर गहू किंवा बार्ली पेरली आणि पाऊस ताणला, तर भोवतालचे पीक आधी पिवळे पडते. चरावरच्या पिकाची मुळे खोल ओलीपर्यंत जातात, म्हणून ते उंच आणि हिरवे राहते. उलट, मातीखाली दगडी भिंतीचा पाया असेल तर तिथे मुळांना जागा नाही, ओल नाही. त्या रेघेवरचे पीक खुरटते आणि लवकर पिकते. बांधावर उभे राहून हे कळत नाही. वरून पाहिले तर पिकानेच जमिनीखालचा आराखडा काढून ठेवलेला दिसतो. अशा खुणांना पीक-खुणा म्हणतात.

दुसरा प्रकार माती-खुणांचा. नांगरट झाली की खालची माती वर येते आणि रंगातला फरक दिसतो. तिसरा प्रकार सावली-खुणांचा. वीतभर उंचीचा उंचवटा दुपारी दिसत नाही, पण सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याची सावली लांब पडते आणि तो उठून दिसतो. आंत्वान प्वादबार नावाच्या जेझुइट धर्मगुरूने 1925 पासून सीरियाच्या वाळवंटावरून विमाने नेऊन रोमन सरहद्दीवरचे किल्ले आणि रस्ते शोधले, ते प्रामुख्याने याच तिरप्या उन्हाच्या जोरावर. माध्यान्हीला जिथे नुसते रेताड रान, तिथे सकाळी रस्त्याची रेघ उमटत असे.

पीक-खुणांचे सर्वांत सुंदर उदाहरण स्टोनहेंजपासून तीनेक किलोमीटरवर आहे. 1925 च्या डिसेंबरात गिल्बर्ट इन्सॉल हा वैमानिक तिथून उडत होता. युद्धातल्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला होता. नांगरलेल्या शेतात त्याला एक वर्तुळ आणि त्याच्या आत पांढरे ठिपके दिसले. त्याआधी ही जागा नांगरून सपाट झालेले एखादे जुने थडगे असावे असे समजले जाई. इन्सॉलने घाई केली नाही. तो गहू वाढेपर्यंत थांबला. पुढच्या जुलैत त्याच शेतात, त्याच वर्तुळात, गव्हाच्या हिरव्या-पिवळ्या रंगात ठिपक्यांची वलये स्वच्छ उमटली. मॉड आणि बेन कनिंग्टन या दांपत्याने तिथे उत्खनन केले, तेव्हा लाकडी खांबांच्या खड्ड्यांची एकात एक सहा वलये निघाली. दगडांच्या स्टोनहेंजला लाकडाचे भावंड मिळाले, म्हणून त्याचे नाव वुडहेंज पडले. आज तिथे प्रत्येक खड्ड्याच्या जागी सिमेंटचा ठोकळा उभा आहे. लाकूड कुजून हजारो वर्षे झाली होती, तरी ते खांब कुठे होते हे त्या गव्हाने सांगितले.

1924 च्या उन्हाळ्यात क्रॉफर्डने अलेक्झांडर कायलर या धनिक अभ्यासकाबरोबर नैर्ऋत्य इंग्लंडवर उड्डाणे केली. त्यांतून 1928 साली ‘वेसेक्स फ्रॉम दि एअर’ हा ग्रंथ आला. त्याआधीच, 1927 साली, क्रॉफर्डने ‘अँटिक्विटी’ हे नियतकालिक सुरू केले होते आणि ते आजही निघते. दुसऱ्या महायुद्धानंतर केंब्रिजच्या सेंट जोसेफ या अभ्यासकांनी हे काम विद्यापीठात रुजवले. ते वर्षानुवर्षे त्याच प्रदेशावरून पुन्हा पुन्हा उडत राहिले, कारण खुणा दरवर्षी दिसत नाहीत. पाऊस चांगला झाला की पीक सगळीकडे सारखेच हिरवे होते आणि जमीन तोंड मिटून घेते. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजजवळ दोन छायाचित्रकारांच्या ड्रोनला एक भले मोठे प्राचीन वर्तुळ दिसले. त्या परिसरात अभ्यासक अनेक दशके वावरत होते. शेतकऱ्याला मारणारा दुष्काळ अभ्यासकाला हात देतो, हे सांगताना मला नेहमी अवघड वाटते, पण ते खरे आहे.

आता शिकण्याविषयी बोलतो. माझ्या हातात पहिले हवाई छायाचित्र आले तेव्हा मी ते नकाशासारखे, उत्तर वर करून टेबलावर ठेवले. मला त्यात टेकडी दिसली आणि टेकडीवर गोल उंचवटा दिसला. शिकवणाऱ्या बाईंनी काही न बोलता छायाचित्र उलटे फिरवले. टेकडीचा खोलगट ओढा झाला आणि उंचवट्याची खरी विहीर झाली. आपला डोळा प्रकाश वरून येतो असे गृहीत धरतो. आपल्याकडे सूर्य बहुतेक काळ दक्षिणेकडे असतो, सावल्या उत्तरेला पडतात. उत्तर वर ठेवली की सावल्या आपल्यापासून दूर जातात आणि डोळा फसतो. म्हणून पहिला नियम असा की, सावल्या आपल्याकडे येतील असे छायाचित्र धरायचे. त्या दिवशी मला कळले की, पाहणे ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. तीही शिकावी लागते.

दुसरा धडा प्रमाणाचा. कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर 15 सेंटीमीटर असेल आणि विमान जमिनीपासून 1500 मीटरवर असेल, तर छायाचित्राचे प्रमाण 1:10,000 येते. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचे 10 मीटर. हा हिशेब पक्का नसेल तर गोठ्याचा पाया राजवाड्याएवढा वाटतो.

तिसरा धडा दोन डोळ्यांचा. सर्वेक्षणाचे विमान सरळ रेषेत जाताना अशी छायाचित्रे घेते की लागोपाठच्या दोन छायाचित्रांत सुमारे 60 टक्के भाग सामाईक असतो. ती जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवली की डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला दुसरे दिसते आणि जमीन एकदम उठून उभी राहते. सुरुवातीला कित्येक मिनिटे दोन वेगळी चित्रेच दिसत राहतात, डोळे दुखतात. मग एका क्षणी ती एकमेकांत मिसळतात. बांध वर येतो, ओढा खाली जातो. ज्याने हे एकदा अनुभवले तो ते विसरत नाही.

चौथा धडा सर्वांत अवघड आहे. दिसले ते जुनेच असेल असे नाही. एका छायाचित्रात मला ज्वारीच्या शेतात गडद हिरवा, ठसठशीत कडांचा चौकोन दिसला. मी तो जुन्या वास्तूचा पाया म्हणून नोंदवला आणि पुढच्या आठवड्यात त्या गावात गेलो. शेताच्या मालकाने छायाचित्र हातात घेतले, क्षणभर पाहिले आणि म्हणाला, “साहेब, इथं मागल्या साली मेंढरं बसवली होती.” धनगरांच्या कळपाने रात्री जिथे मुक्काम केला होता, तिथे लेंडीखताने ज्वारी जोमात आली होती. कळप वाघरीच्या जाळीत बसवलेला, म्हणून कडा सरळ. मी तीन दिवस त्या चौकोनावर घालवले होते. त्या माणसाला एक क्षण पुरला. त्या दिवसापासून माझ्या वहीत एक यादी आहे: जुने खळे, बुजवलेली विहीर, उकिरड्याची जागा, पाइपलाइनचा चर, मोडलेला बांध, ओढ्याचे जुने पात्र, मेंढरांचा तळ. नवी खूण दिसली की आधी या यादीतून तिला काढतो. उरली तरच पुरातत्त्वाचा विचार करतो.

या प्रसंगाने मला महाराष्ट्राच्या जमिनीकडे नव्याने पाहायला लावले. आपल्या भाषेत एक जोडशब्द आहे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे गावठाणाची. गाव पिढ्यान् पिढ्या एकाच जागी नांदले की मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात, चुलींची राख पडते, शेण, हाडे, चुना मिसळतो. त्या साऱ्यातून जी फिकट, राखाडी माती तयार होते ती पांढरी. गाव उठून गेले तरी पांढरी मागे राहते. नेवासे, दायमाबाद, इनामगाव ही महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण संस्कृतीची गाजलेली स्थळे अशीच नदीकाठची टेकाडे आहेत. डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगावला 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे तर मिळालीच, पण पाणी नेणारा पाटही मिळाला.

श्रोतेहो, युरोपातला अभ्यासक ज्याला माती-खूण म्हणतो, तिला आपल्या शेतकऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवले आहे. फक्त रंग उलटा आहे. वेसेक्सच्या, म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या, पांढऱ्या चुनखडकात प्राचीन चर काळी रेघ होऊन दिसतो. दख्खनच्या काळ्या रानात जुने गाव फिकट डाग होऊन दिसते. उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर वरून पाहावे. काळ्या पटावर राख सांडावी तशी पांढरी उमटलेली असते.

पण वेसेक्सची पद्धत जशीच्या तशी इथे चालत नाही, हेही शिकावे लागते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि स्वतःला सतत खालीवर करत राहते. त्यामुळे बारीक चरांच्या कडा विरघळून जातात. शेते लहान असतात. एकात हरभरा, शेजारच्यात ज्वारी, पलीकडे कांदा. एकच खूण बांधाबांधावर तुटते. जिथे पाट आला आणि ऊस उभा राहिला तिथे तर बारा महिने सारखेच हिरवे. म्हणून आपल्याला आपला हंगाम शोधायचा आहे. रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. पोटरीत येण्याच्या सुमारास ओल कमी पडू लागली की उथळ आणि खोल मातीतला फरक पिकात उतरतो. त्या दिवसांतली छायाचित्रे, उन्हाळी नांगरटीनंतरची छायाचित्रे आणि हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हातली माळरानाची छायाचित्रे, हे तीन संच जवळ हवेत. एका छायाचित्रावर निकाल देऊ नये.

जुन्या छायाचित्रांचे मोल याहून वेगळे आहे. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी 1960 ते 1972 या काळात जगभर आठ लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली. फिल्मची कुपी अवकाशातून पॅराशूटने खाली येई आणि विमान ती हवेतच झेलत असे. ती छायाचित्रे 1995 साली खुली झाली. काढणाऱ्यांना शत्रूची क्षेपणास्त्रे हवी होती. पुरातत्त्वज्ञांना त्यांत उत्तर सीरियातल्या प्राचीन टेकाडांपासून चहू दिशांना निघणाऱ्या वाटा दिसल्या. पाच-साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसे आणि जनावरे रोज रानात जाऊन येत, त्यांच्या पायांनी जमीन खोलगट झाली होती. पुढे धरणे आली, ट्रॅक्टर आले आणि त्या प्रदेशाचे रूप बदलले. बदलापूर्वीची जमीन त्या फिल्मवर उरली आहे.

आपल्याकडेही हेच घडले. जायकवाडीचा नाथसागर 1970 च्या दशकात भरू लागला, उजनीचे धरण 1980 च्या सुमारास पूर्ण झाले. गोदावरी आणि भीमा यांच्या काठची किती पांढरी त्या पाण्याखाली गेली असेल, याचा अंदाज नदीकाठच्या वस्त्यांची दाटी पाहिली की येतो. उजनीचे पाणी आटते तेव्हा पळसदेवचे मंदिर वर येते आणि माणसे होडीने पाहायला जातात. मंदिर दगडाचे होते, म्हणून टिकले. मातीचे गाव पाण्यात विरघळले. त्याचा पुरावा कुठे असेल, तर धरणाआधीच्या छायाचित्रांत आणि ते गाव सोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत. यांपैकी छायाचित्रे थांबतील. माणसे थांबणार नाहीत.

पूर्वी भारतात हवाई छायाचित्र मिळवणे संशोधकाला फार कठीण होते, कारण ती संरक्षणाच्या दृष्टीने गोपनीय मानली जात. 2021 साली भूस्थानिक माहितीचे धोरण सैल झाले आणि त्याच वर्षी नवे ड्रोन नियम आले. उपग्रहाचे चित्र आज खेड्यातल्या मुलाच्या मोबाइलवर उघडते. साधन हाती आले, पण नजर साधनाबरोबर येत नाही. क्रॉफर्डने छायाचित्र पाहिले तेव्हा त्याच्या मागे वर्षानुवर्षांची पायपीट होती, म्हणून त्याला ते वाचता आले. ज्याने ढेकळांत चालून खापरे वेचली नाहीत, वाफसा म्हणजे काय हे हाताने पाहिले नाही, त्याला वरचे चित्र नुसते देखणे दिसेल. आकाशातून पाहण्याची विद्या जमिनीवर शिकायची असते, हे एवढे वाक्य मला आज तुमच्यापर्यंत पोचवायचे होते.

म्हणून शेवटी तीन गोष्टी मागतो. गावोगावी पांढरीची माती उकरून नेली जाते, जेसीबी लावून टेकाडे सपाट केली जातात. तुमच्या शिवारात तसे होणार असेल, तर आधी त्या टेकाडाची छायाचित्रे काढा, वर पडलेल्या खापरांची जागा लिहून ठेवा आणि जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा महाविद्यालयाला कळवा. फवारणीसाठी किंवा मोजणीसाठी ड्रोन उडवणाऱ्या तरुणांनी रानाची चित्रे तारखेनिशी आणि गट क्रमांकानिशी जपून ठेवावीत. संरक्षित स्मारकावर मात्र परवानगीशिवाय उडवू नये. आणि शिक्षकांनी मुलांना टेकडीवर न्यावे. तिथून गावाचे चित्र काढायला सांगावे, मग खाली उतरून ज्याला ते रान ठाऊक आहे अशा माणसासमोर ते चित्र ठेवावे. तो जे सांगेल ते मुलांनी चित्राच्या मागे लिहून घ्यावे.